डॉक्टर वॉर्ड यांची बरणी

टेरेरियम करायला शिकवताना मी आधी डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांची गोष्ट सांगते, मगच मातीला हात लावू देते. लंडनच्या गोदीजवळ वेलक्लोज चौकात राहणाऱ्या या डॉक्टरांना नेच्यांचं भारी वेड. पण कोळशाच्या धुरात त्यांचे नेचे काही केल्या जगेनात. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर मातीत पुरून काचेच्या बरणीत ठेवला आणि झाकण लावलं. दिवसा मातीतली ओल वर जाऊन काचेवर जमायची, ओघळून पुन्हा मातीत मुरायची. पतंग बाहेर पडायच्या आधीच मातीतून नेचा आणि गवत उगवलं! पाणी न घालता दोन्ही जवळजवळ चार वर्षं जगली. पुढे झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती मेली.

१८३३ मध्ये वॉर्ड यांनी रोपांच्या दोन काचपेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. रोपं टवटवीत पोचली. येताना त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरली. केप हॉर्नची थंडी सोसून तीही लंडनला पोचली. मग श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत नेच्यांच्या काचपेट्या दिसू लागल्या. अशाच पेट्यांतून चीनमधला चहा हिमालयाच्या उतारांवर आला. तो चोरून आणला होता, हेही सांगायलाच हवं.

तुमच्या टेरेरियमच्या काचेवर सकाळी बाष्प जमत असेल, तर कृपा करून वरून पाणी घालू नका.