मेमरीची गळती: एका जुन्या दुखण्याची कुळकथा

४ नोव्हेंबर १९९२. रात्रीचे दोन वाजून गेले होते. लंडन अँब्युलन्स सर्व्हिसच्या नियंत्रण कक्षातील संगणक आधी मंदावले आणि थोड्याच वेळात जागच्या जागी थिजले. कर्मचाऱ्यांनी ते बंद करून पुन्हा चालू करून पाहिले, पण उपयोग झाला नाही. शेवटी कागद-पेन्सिल पुढे ओढून त्यांनी जुन्या पद्धतीने गाड्या पाठवायला सुरुवात केली.

त्या काळी लंडनमध्ये असलेल्या वाचकांना आठवत असेल, की आठवडाभर आधी, २६ आणि २७ ऑक्टोबरला, याच यंत्रणेचा मोठा बोजवारा उडाला होता आणि वर्तमानपत्रांची पाने भरली होती. त्या दोन दिवसांची कारणे पुष्कळ होती: घाई, अपुऱ्या चाचण्या, अपुरे प्रशिक्षण. ४ तारखेचे कारण मात्र एकच निघाले. फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी अहवाल आला, तो मी मुद्दाम मिळवून वाचला. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरने काही दुरुस्ती करताना प्रोग्रॅमचा एक लहानसा तुकडा आत तसाच ठेवला होता. प्रत्येक गाडी रवाना होताना तो तुकडा सर्व्हरच्या मेमरीतील थोडी जागा घेई आणि परत करीत नसे. तीन आठवड्यांत सगळी जागा संपली. अडचणीच्या वेळी काम उचलण्यासाठी दुसरा सर्व्हर होता, तोही कामी आला नाही.

आमच्या धंद्यात याला 'मेमरी लीक' म्हणतात, म्हणजे मेमरीची गळती. माझ्या मते हे नावच दिशाभूल करणारे आहे, कारण नळ गळला तर पाणी निदान दिसते. मला मंडळाच्या भांड्यांची उपमा अधिक पटते. गणेशोत्सवाला मंडळाची पातेली घरोघर जातात. 'दिले' अशी वहीत नोंद होते, परत आले की ती खोडली जाते. आता समजा, पातेले कोणाकडे गेले हे लिहिलेली चिठ्ठीच हरवली. वहीप्रमाणे पातेले वापरात आहे, म्हणून ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आणि कोणाकडे आहे हे ठाऊक नाही, म्हणून परतही मागता येत नाही. अशी चारदोन गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. रोज एक जाऊ लागले तर एके दिवशी प्रसाद कशात शिजवायचा हा प्रश्न पडतो, आणि तोही नेमका पंगतीच्या दिवशी.

हे दुखणे प्रथम ओळखले ते एमआयटीच्या जॉन मकार्थी यांनी. १९५८ च्या सुमारास ते आयबीएम ७०४ या यंत्रावर 'लिस्प' ही भाषा उभी करीत होते. या भाषेत यादीतून यादी निर्माण होत जाते, आणि जुन्या याद्या कधी परत करायच्या हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे म्हणजे डोकेदुखी. त्यांनी ते काम यंत्रावरच सोपविले. जागा संपत आली, की काम थांबवायचे. प्रोग्रॅमच्या हातात या क्षणी जे आहे तेथून निघायचे. प्रत्येक वस्तू ज्या वस्तूंकडे बोट दाखविते तिकडे जायचे आणि वाटेत भेटेल त्यावर खूण करायची. खूण नसलेले सारे केरात, आणि ती जागा मोकळी. प्रयोगशाळेत याला 'गार्बेज कलेक्शन' म्हणत, पण १९६० च्या प्रसिद्ध निबंधात मकार्थींनी हा शब्द वापरला नाही. प्रयोगशाळेतल्या व्याकरण तपासणाऱ्या बायकांनी तो जाऊ दिला नसता, असे त्यांनी पुढे गमतीने लिहिले आहे.

त्यांनी आणखी एक किस्सा सांगितला आहे. उद्योगपतींसमोर लिस्पचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक चालले होते. सगळे संथपणे पण सुरळीत चालले असताना टाइपरायटर एकदम खडखडू लागला: केर काढणाऱ्याला पाचारण केले आहे, काही मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे! सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने तो पाने भरीत राहिला, वेळ संपली आणि प्रात्यक्षिक हशात बुडाले.

१९६० सालीच जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा उपाय सुचविला. प्रत्येक वस्तूवर एक आकडा ठेवायचा: आपल्याकडे कितीजण बोट दाखवितात? आकडा शून्यावर आला, की जागा लगेच परत. काम मध्येच थांबवायला नको. १९६३ मध्ये मॅकबेथ नावाच्या गृहस्थांनी त्यातली मेख दाखविली. दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवीत असतील, तर बाकी जगाने त्यांना सोडले तरी दोघींचा आकडा एकच राहणार, शून्य कधीच होणार नाही. एकमेकांना जामीन राहिलेल्या भाऊबंदांसारखी ही गत.

ऑब्जेक्टची कल्पना आली नॉर्वेहून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये डाल आणि न्यूगार्ड या जोडीने 'सिम्युला ६७' तयार केली. केर काढण्याची सोय भाषेतच होती. पुढे केंब्रिजमध्ये पीएच.डी. करणाऱ्या ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप या डॅनिश विद्यार्थ्याने सिम्युलात एक मोठा प्रोग्रॅम लिहिला. लिहिताना आनंद झाला. चालविल्यावर मात्र मोजमाप सांगू लागले, की ८० टक्क्यांहून अधिक वेळ केर काढण्यातच जातो आहे, आणि केर तर मुळी होतच नव्हता! शेवटी त्यांनी तो प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला. १९७९ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये गेले आणि तेथे पुढे 'सी++' जन्मली, तेव्हा तिच्यात केर काढणारा ठेवला नाही, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. 'न्यू' म्हटले की ऑब्जेक्टला जागा मिळते, 'डिलीट' म्हटले की ती परत जाते, आणि हिशेब तुमचा तुम्ही ठेवायचा. त्या काळच्या यंत्रांवर हा निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. किंमत पुढच्या पिढीने मोजली एवढेच.

त्या पिढीत मी होतो. १९९२-९३ मध्ये मी इंग्लंडातल्या ज्या कंपनीत होतो (नाव नको), तिचा मालसाठ्याचा प्रोग्रॅम सोमवारी तरतरीत असे आणि गुरुवारपर्यंत धापा टाकू लागे. ग्राहकांनी बुधवारी रात्री यंत्र बंद-चालू करण्याचा रिवाजच पाडला होता. आम्ही प्रत्येक क्लासमध्ये एक मोजणी घातली: ऑब्जेक्ट जन्मला की एक अधिक, गेला की एक उणे. तासातासाला आकडे कागदावर उतरवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला सारून दोघे-तिघे त्या कागदावर वाकलो. मूळ क्लासचा आकडा शून्यावर येत होता, पण त्यापासून निघालेल्या क्लासचा आकडा वाढतच होता. म्हणजे ऑब्जेक्ट जाताना वडिलांचे क्रियाकर्म होत होते आणि मुलाचे राहून जात होते! कारण विकत घेतलेल्या एका लायब्ररीत होते. तिच्या मूळ क्लासच्या डिस्ट्रक्टरमागे 'व्हर्च्युअल' हा शब्द लिहायचा राहिला होता. एक शब्द. त्याच्या अभावी मूळ क्लासच्या पॉइंटरवरून डिलीट केले, की निघालेल्या क्लासने घेतलेली जागा परतच होत नसे.

असली हाताने केलेली मोजणी त्याच सुमारास जुनी झाली. रीड हेस्टिंग्ज यांनी १९९१ मध्ये प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली होती आणि तिचे 'प्युरिफाय' हे साधन बाजारात आले. ते तयार प्रोग्रॅममध्येच तपासणीच्या आज्ञा घुसवीत असे आणि मेमरीच्या प्रत्येक बाइटमागे दोन बिटांची नोंद ठेवी: ही जागा दिलेली आहे का, आणि तिच्यात काही लिहिले आहे का. मकार्थींचीच खूण करण्याची युक्ती वापरून, जिच्याकडे आता कोणाचेच बोट नाही अशी जागा ते शोधी, आणि ती प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीवर घेतली गेली तेही सांगे. (हेच हेस्टिंग्ज पुढे १९९७ मध्ये नेटफ्लिक्सचे एक संस्थापक झाले. घरोघर ते सिनेमामुळे ठाऊक आहेत. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र प्युरिफायमुळे.) २००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांचे 'व्हॅलग्रिंड' आले, तेही फुकट.

१९९५ मध्ये 'जावा' आली, केर काढणाऱ्यासह. गळतीचे युग संपले, असे आमच्यातले पुष्कळजण म्हणू लागले. पण केर काढणारा फक्त कोणी न धरलेलेच उचलतो. घरात माळ्यावर ठेवलेली मोडकी खुर्ची कोणी वापरीत नाही, पण ती 'आपली' असते. मोलकरीण ती टाकणार नाही.

याचे झणझणीत उदाहरण ८ ऑक्टोबर २००५ चे. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात चालकाविना मोटारींची शर्यत होती, सुमारे १३२ मैलांची. स्टॅनफर्डची गाडी जिंकली. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या गाडीचा प्रोग्रॅम 'सी शार्प' भाषेत होता, म्हणजे केर काढण्याची सोय असलेल्या. रस्त्यातला प्रत्येक अडथळा हा एक ऑब्जेक्ट. मागे पडलेले अडथळे यादीतून काढले जात होते, पण एका घटनेची वर्दी मिळावी म्हणून प्रत्येक अडथळ्याचे नाव दुसरीकडे नोंदविलेले होते, आणि ती नोंद तशीच राही. मागे टाकलेली प्रत्येक झुडपे-दगडांची आठवण गाडी उराशी धरून चालली होती. संगणक मंदावत गेला आणि गाडीला शर्यत सोडावी लागली. शर्यतीनंतर ती गळती सापडली. नोंद रद्द करणारी एक ओळ घालताच ती बंद झाली.

ॲपलची कथा आणखी मजेदार आहे. २००७ मध्ये त्यांनी मॅकसाठी गार्बेज कलेक्शन आणले, २०११ मध्ये कॉलिन्स यांच्या आकडे मोजण्याच्या पद्धतीकडे परतले (मोजण्याचे काम आता कंपायलर करतो) आणि २०१२ मध्ये पहिली सोय मोडीत निघाल्याचे जाहीर केले. त्यामुळे आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आजही एक गोष्ट शिकावी लागते: दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून असतील, तर त्यांतल्या एकाच्या धरण्याला 'वीक' म्हणजे दुबळे म्हणावे, म्हणजे ते मोजले जात नाही. मॅकबेथ यांचे पत्र १९६३ चे.