दहावी-बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो का? काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

वर्षभर मोबाईलवर आकडेमोड करायची सवय लागलेली पोरं परीक्षा हॉलमध्ये साध्या भागाकाराला अडतात. उत्तराची रीत येते, पण आकडा निघत नाही आणि मार्क जातात. म्हणून राज्य मंडळाच्या पेपरला काय चालतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दहावी
गणित भाग १ आणि भाग २ या दोन्ही पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. भूमितीच्या रचनेसाठी कंपासपेटी, पट्टी, पेन्सिल स्वतःची लागते. भूगोलात नकाशा काढायला स्टेन्सिल चालते. नकाशा भरण्याच्या प्रश्नासाठी छापील नकाशा केंद्रावरच मिळतो. तो उत्तरपत्रिकेला बांधायला विसरू नये.

बारावी सायन्स
फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या पेपरांवर सूचना छापलेली असते: लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. लॉग टेबल कोरं असावं. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं एखादं सूत्रसुद्धा कॉपी धरलं जाऊ शकतं. टेबल केंद्रावर मिळणार की घरून न्यायचं, हे कॉलेजात आधी विचारून घ्यावं.

लॉग टेबल कसं वापरायचं?
गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देणारं हे कोष्टक आहे. समजा ३.१४२ × ९.८ काढायचं आहे.
- ३.१४२ चा लॉग ०.४९७२
- ९.८ चा लॉग ०.९९१२
- बेरीज १.४८८४
- .४८८४ चा अँटीलॉग ३.०७९

बेरजेत पॉइंटच्या आधी १ आहे, म्हणून उत्तरातला पॉइंट एक घर पुढे सरकतो. उत्तर ३०.७९. रोज अशी पाच गणितं केली तरी महिन्याभरात हात बसतो.

नीट, जेईई, सीईटी
इथं मुलं फसतात. बारावीला चालणारं लॉग टेबल नीट आणि जेईई मेनला चालत नाही. एमएचटी-सीईटीलाही ते आणि कॅल्क्युलेटर दोन्ही बंद. नीटला तर पेनसुद्धा केंद्रावरच देतात. त्यामुळे या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१ एवढं तरी पाठ ठेवावं.

कोणाला सवलत मिळते?
डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडेच नीट न उमगण्याची अडचण असलेल्या मुलांना मंडळ कॅल्क्युलेटरची सवलत देतं. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. खेड्यातली अशी कितीतरी मुलं फक्त 'ढ' म्हणवून घेतात. मुलगा वाचण्यात हुशार पण आकड्यात सारखा गोंधळत असेल, तर पालकांनी वर्गशिक्षकांशी जरूर बोलावं.

घरी काय ठेवायचं?
मोबाईल, स्मार्ट वॉच, कॅल्क्युलेटर असलेलं घड्याळ. खिशात राहिलेला बंद मोबाईलही अंगाशी येतो. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी राज्यात १९८२ चा कायदा आहे.

सोबत हॉल तिकीट, दोन-तीन पेन, कंपासपेटी, साधं घड्याळ आणि पाण्याची बाटली पुरे. पेपर हातात आला की पहिल्या पानावरच्या सूचना आधी वाचाव्यात. त्या विषयाला काय चालतं, ते तिथंच लिहिलेलं असतं.