चेतावैविध्यस्नेही कार्यालय

चेतावैविध्यस्नेही कार्यालय म्हणजे स्वमग्नता, डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता, एडीएचडी इत्यादी असलेल्या कर्मचाऱ्यांना विनाअडथळा काम करता यावे, अशा रीतीने प्रकाश, ध्वनी, बैठक व्यवस्था व दिशादर्शन यांची योजना केलेले कार्यालय होय. मेंदूच्या कार्यपद्धतीतील फरक हे मानवी वैविध्य आहे, हा या संकल्पनेचा आधार. चेतावैविध्य, अर्थात न्यूरोडायव्हर्सिटी, हा शब्द ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या १९९८च्या प्रबंधाशी जोडला जातो.

कायदेशीर स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. कलम ३४ नुसार शासकीय पदांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का हा बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासह या गटासाठी आहे. कलम २० शासकीय आस्थापनांवर अनुकूल वातावरण देण्याचे बंधन घालते. एडीएचडी मात्र या यादीत नाही. सुगम्यतेची चर्चा प्रत्यक्षात बहुधा उतरते रस्ते, लिफ्ट व स्वच्छतागृहे यांपाशीच थांबते. ब्रिटनमध्ये २०२२ साली 'पीएएस ६४६३' हे केवळ चेतावैविध्याला वाहिलेले बांधकामविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध झाले.

रचनेची तत्त्वे

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. बहुतेकांना ते जाणवत नाही. संवेदनशील व्यक्तीला त्याने डोकेदुखी होऊ शकते. फरशी, काच व उघडे छत आवाज परावर्तित करतात; पडदे, फळ्यांवरील फायली व मऊ फलक तो शोषतात. संपूर्ण निःशब्दता हा मात्र उपाय नव्हे, कारण तिच्यात पेन पडल्याचा आवाजही दचकवतो. पाठीमागे भिंत असलेली कायमची जागा, तोंडी आदेशासोबत लेखी सूचना आणि थोडा वेळ एकटे बसता येईल अशी खोली या गोष्टी अल्प खर्चात होतात. गरजा परस्परविरोधी असू शकतात: एकाला मंद प्रकाश हवा असतो, तर दुसऱ्याला प्रखर. त्यामुळे एकच आदर्श नमुना ठरवण्यापेक्षा निवडीची मुभा देणे अधिक उपयुक्त ठरते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

१३ तालुक्यांच्या या जिल्ह्यात बुलढाणा शहर घाटावर आहे, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे तालुके घाटाखालच्या उष्ण पट्ट्यात येतात. तेथे उन्हाळ्यात खिडकीतला कूलर अपरिहार्य असतो आणि कार्यालयातील सर्वांत मोठा अखंड आवाजही बहुधा त्याचाच. आवाज सहन न होणाऱ्याला कूलरपासून दूर बसवले, तर तो उकाड्यात सापडतो. उष्णता हाही संवेदनांवरील ताणच आहे. कूलर भिंतीपासून सुटा, बाहेरच्या लोखंडी स्टँडवर ठेवून हवा नळीवाटे आत घेतल्यास खोलीतील कंप व घरघर कमी होते.

बैठकीचे स्थान हा दुसरा प्रश्न. आवक-जावक टेबल अभ्यागतांच्या वर्दळीत असते, तर अभिलेख कक्ष शांत असतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनासारख्या गर्दीच्या प्रसंगाची तारीख आधीच ठाऊक असल्याने, त्या दिवशीचे काम व जागा कर्मचाऱ्याला आगाऊ कळवता येते.