तळटीप कोणाची?

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब तेथे उतरले होते, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसे तेथे जमतात. मागे एकदा त्या गर्दीत जळगावचा एक विद्यार्थी मोबाईल पुढे करून मला म्हणाला, "सर, 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या परिशिष्टाखाली ही तळटीप आहे, शासन या मतांशी सहमत नाही म्हणून. ही बाबासाहेबांची का?"

त्याला १९८८ ठाऊक नव्हते. चूक त्याची नाही. आपण सांगितले नाही.

वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने हा चौथा खंड १९८७ मध्ये काढला. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला आणि जानेवारी १९८८ मध्ये शासनाने खंडच मागे घेतला. फेब्रुवारीत आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. अखेर तडजोड झाली. परिशिष्ट राहिले, त्याखाली शासनाची तळटीप आली. लेखकाच्या निर्वाणानंतर एकतीस वर्षांनी त्याच्या ग्रंथात सरकारने आपले बोट खुपसले, हे मला तेव्हा खटकले, आजही खटकते. तरी एक मान्य करावे लागेल : ते बोट दिसते. छापील पुस्तक बदलायचे तर नवी छपाई करावी लागते, आणि जुनी प्रत कुणाच्या तरी ट्रंकेत राहतेच. 'द बुद्धा अँड हिज धम्म'ची प्रस्तावना १९५७ च्या आवृत्तीत गाळली गेली; भगवान दास यांनी ती १९८० मध्ये छापली. कागद उरला होता म्हणून हे झाले.

आता कागदच नाही. २००९ मध्ये अमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत दिले. पण घरात शिरता येते हे त्यातून सिद्ध झाले. २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील शब्द प्रकाशकाने बदलले, तेव्हा आधी विकत घेतलेल्या ई-पुस्तकांतला मजकूरही आपोआप बदलल्याचे वृत्त आले. इरुळा आदिवासींवरील पोलिसी अत्याचाराचा 'जय भीम' नोव्हेंबर २०२१ मध्ये ओटीटीवर आला. एका जातीच्या संघटनांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातील चिन्हावर आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ते चित्र बदलले गेले. आक्षेप बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. आज तो चित्रपट प्रथम पाहणाऱ्याला भिंतीवर लक्ष्मी दिसते आणि ती पहिल्यापासून तेथेच होती असे वाटते.

विद्यार्थी म्हणाला, "पण सर, जुन्या पुस्तकांत आपल्या जातींची नावे शिवीसारखी येतात. ती पुसली तर बरेच की!" प्रश्न सोपा नाही. अशी पाने वर्गात वाचताना पोरांच्या माना खाली जातात, हे मी पाहिले आहे. पण शिवी पुसली की शिवी देणाराही सुटतो. शिवाय खोडरबर कोणाच्या हाती आहे? २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने 'फुले' चित्रपटातून 'महार', 'मांग' हे शब्द काढायला लावले, तीन हजार वर्षांच्या गुलामीचे 'अनेक वर्षांची' करायला लावले. तेथे प्रदर्शनाआधी गाजावाजा झाला म्हणून आपल्याला कळले.

बाबासाहेबांनीही आपले लेखन वाढवले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर बदलून हवा होता. त्यांनी नकार दिला, अधिवेशन रद्द झाले, भाषण त्यांनी स्वतः छापले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची टीका व तिला दिलेले उत्तर जोडले, तेही सांगून. जोड कोठे आहे ते वाचकाला दिसते.

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याला घरी आणले आणि १९८७ ची माझी प्रत त्याच्या हाती दिली. त्याने परिशिष्ट काढले. खाली तळटीप नव्हती. त्याने मोबाईल शेजारी ठेवला, दोन्ही पाने ताडून पाहिली आणि वहीत छपाईची साले लिहून घेतली.