चादरींचा सेल आणि गावाची बातमी

सेल लागायचा तर आधी भाव ठरलेला असावा लागतो. जिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव, तिथे सूट देणार कशावर? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक कापडदुकानांत मालावर किंमत लिहिलेली नसे. विक्रेता समोरच्या माणसाचे कपडे, बोलणं आणि घाई पाहून आकडा सांगे. गिऱ्हाईक निम्म्यावर येई, उठून जायचं नाटक करी, आणि दोघं मध्ये कुठेतरी भेटत. या व्यवहारात सूट रोजच मिळे. तिचा गाजावाजा तेवढा नसे.

ठरलेल्या भावाचा आग्रह आधी धर्मातून आला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाची स्थापना करणाऱ्या जॉर्ज फॉक्सने आपल्या व्यापारी अनुयायांना घासाघीस सोडायला सांगितलं. घेणार नाही तो भाव सांगायचा, हे त्याच्या लेखी असत्य होतं. क्वेकर दुकानदार एकच भाव सांगू लागले. लहान मुलाला सामान आणायला पाठवलं तरी तेवढेच पैसे लागतात, हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांची दुकानं चालू लागली.

धर्माने सुरू केलेली ही रीत पुढे मोठ्या दुकानांनी हिशेब करून उचलली. आयर्लंडहून आलेल्या अलेक्झांडर स्टुअर्टने 1846 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगमरवरी दर्शनी भागाचं भव्य दुकान उघडलं. तिथे भाव एकच असे. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको 1852 मध्ये ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला आणि त्याने मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. नफा थोडा घ्यायचा पण माल भराभर फिरवायचा, हे त्याचं गणित. शेकडो नोकर ठेवायचे तर प्रत्येकाला घासाघिशीची कला येणं शक्य नव्हतं. चिठ्ठी असली की कालच आलेला पोरगाही माल विकू शके. गिऱ्हाइकालाही नुसतं बघून परत जायची मोकळीक मिळाली. भाव विचारला म्हणजे घ्यायलाच हवं, हा संकोच गेला.

मात्र या चिठ्ठीने एक नवी अडचण उभी केली. पूर्वी न खपलेल्या कापडाचा भाव आपोआप उतरत असे. दुकानदार पडेल त्या किमतीला ते कुणाच्या तरी गळ्यात मारी आणि त्याचा बोभाटा होत नसे. आता आकडा छापलेला होता. तो उतरवायचा तर सगळ्यांदेखत उतरवावा लागणार, आणि उतरवला हे लोकांना कळलं नाही तर उतरवून उपयोग काय? सेलचा जन्म या पेचातून झाला. एकभाव हा त्याचा बाप. त्याला वाढवणारी दाई म्हणजे वर्तमानपत्र.

नाताळची खरेदी संपली की युरोप-अमेरिकेतली दुकानं ओस पडतात. थंडी कडाक्याची असते, लोकांच्या खिशात पैसे उरलेले नसतात, नोकर मात्र पगारावर असतात. हा रिकामा महिना भरायला बुसिकोने चादरी, टेबलक्लॉथ, टॉवेल, अंतर्वस्त्रं असा सगळा पांढरा माल निवडला. बाहेर पडलेला बर्फ पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका फ्रान्समध्ये सांगतात. व्यवहाराचं कारण जास्त साधं आहे. पांढऱ्या चादरीची फॅशन जात नाही. ती जानेवारीत घेतली काय आणि जूनमध्ये घेतली काय, संसारी बाईला लागणारच. पांढऱ्या मालाच्या या उत्सवाचा दिपवणारा देखावा एमिल झोलाने 1883 च्या ‘ओ बॉनर दे दाम’ या कादंबरीच्या शेवटी उभा केला. त्यासाठी त्याने पॅरिसच्या अशा दुकानांत जाऊन टिपणं काढली होती.

अमेरिकेत पांढऱ्या मालाचा असा सेल सुरू करण्याचा मान फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरला दिला जातो. रेल्वेची जुनी मालधक्क्याची इमारत घेऊन त्याने 1876 मध्ये तिथे प्रचंड दुकान थाटलं आणि जानेवारी 1878 मध्ये पहिला ‘व्हाइट सेल’ लावला. त्याने जाहिरातीवर हात सैल सोडला आणि 1880 मध्ये जॉन पॉवर्स या गृहस्थाला मजकूर लिहायला ठेवलं. त्या काळच्या जाहिराती विशेषणांनी ओथंबलेल्या असत, पॉवर्स साधं आणि खरं लिही. त्याचा एक किस्सा जाहिरातवाल्यांच्या जगात अजून सांगतात. रेनकोट विभागाचा प्रमुख त्याला खासगीत म्हणाला की, आपल्यात म्हणून सांगतो, कुजका माल पडलाय, तो काढायचाय. पॉवर्सने दुसऱ्या दिवशी नेमकं तेच छापलं. प्रमुख संतापून आला, पण तोपर्यंत रेनकोट संपले होते. भाव का उतरला याचं पटेल असं कारण दिलं, तर लोक उतरलेल्या भावावर विश्वास ठेवतात, हे पॉवर्सने ओळखलं होतं. ‘मोसम संपला’, ‘स्टॉक काढणे आहे’, ‘दुकान हलवणे आहे’ ही आजची कारणं त्याच घराण्यातली.

बॉस्टनच्या एडवर्ड फिलीनने तर भाव उतरण्याचं वेळापत्रकच लावलं. 1909 मध्ये त्याने दुकानाच्या तळघरात सुरू केलेल्या विभागात प्रत्येक वस्तूवर ती मांडल्याची तारीख असे. विक्रीचे 12 दिवस उलटले की 25 टक्के सूट, 18 नंतर 50, 24 नंतर 75, आणि 30 दिवसांतही खपली नाही तर वस्तू धर्मादायात. गिऱ्हाईक आपल्या आवडीचा कोट हेरून ठेवी आणि अजून आठवडा थांबावं की आजच उचलावा, या विचारात झुरत राही. घासाघीस पुन्हा आली होती, फक्त आता ती गिऱ्हाइकाची स्वतःशीच चाले.

मोठ्या शहरांची ही रीत लहान गावांत पोचली ती गावच्या साप्ताहिकांमुळे. अमेरिकेत 1851 च्या कायद्याने साप्ताहिकांना आपल्या काउंटीत टपालखर्च माफ केला होता. त्यामुळे हजार-दोन हजार वस्तीच्या गावातही छापखाना टाकून पत्र चालवणं परवडू लागलं. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू गावच्या अॅन्सेल केलॉग या संपादकाचा मदतनीस सैन्यात गेला. एकट्याने चार पानं जुळवणं अशक्य झालं, तेव्हा त्याने मॅडिसन शहरातल्या दैनिकाकडून एका बाजूने छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या बाजूवर आपल्या गावाचा मजकूर छापला. पुढे त्याने शिकागोत जाऊन असे अर्धे छापलेले कागद पुरवण्याचा धंदाच उभारला आणि गावोगावची साप्ताहिकं त्यावर चालली. युद्ध, राजकारण, कथा हे सगळं तयार मिळे. गावाने भरायची ती उरलेली बाजू. तिथे कुणाकडे पाहुणे आले, कोणत्या रस्त्यावर चिखल झालाय, पालिकेच्या सभेत काय ठरलं हे असे, आणि त्याच्या शेजारी गावातल्या कापडदुकानाची जाहिरात. त्या बाजूच्या बातम्यांचा खर्च बव्हंशी त्या जाहिरातीतूनच निघे.

हे नातं जवळून पाहायचं तर कॅन्ससमधल्या एम्पोरियाला जावं. विल्यम अॅलन व्हाइट या तरुण पत्रकाराने 1895 मध्ये 3,000 डॉलर कर्जाऊ घेऊन तिथलं ‘गॅझेट’ विकत घेतलं. पुढे त्याचे अग्रलेख देशभर वाचले गेले, 1923 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, पण त्याने गाव सोडलं नाही. गावात कमावलेला पैसा गावातच खर्चावा, हा त्याच्या पत्राचा कायमचा धोशा होता. त्यात गावावरची माया होती, तसा हिशेबही होता. दुकान बुडालं की जाहिरात बुडते, आणि जाहिरात बुडाली की पालिकेच्या सभेला वार्ताहर कुणाच्या पैशाने पाठवणार?

धोका खरा होता. 1896 पासून टपाल खात्याचा माणूस शेतावरच्या घरापर्यंत जाऊ लागला आणि त्याच्या पिशवीतून ‘सिअर्स’ आणि ‘माँटगोमेरी वॉर्ड’ यांचे जाडजूड कॅटलॉग आले. 1 जानेवारी 1913 ला टपालाने मोठी पार्सलंही जाऊ लागली, तेव्हा शिकागोतल्या कोठाराला शेतकऱ्याचा उंबरठा जवळ झाला. लहान गावांचे दुकानदार आणि संपादक या सुधारणांविरुद्ध एकत्र उभे राहिले. काही गावांत कॅटलॉग आणून होळीत टाकणाऱ्या मुलांना सिनेमाचं तिकीट बक्षीस मिळे. जाळून काही साधलं नाही. कॅटलॉगला जे जमत नव्हतं ते करणं हाच उपाय होता. ठरलेल्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीला गावात बोलवायचं, सगळ्या दुकानांनी मिळून एका डॉलरला काय काय देता येईल ते मांडायचं, फुटपाथवर टेबलं टाकायची, आणि हे सगळं आठवडाभर आधी पत्रात छापायचं. अशा दिवशी बाजारपेठेत इतकी माणसं भेटत की संपादकाला पुढच्या अंकाच्या बातम्या दुकानाच्या दारातच मिळत.

याच काळात मोठ्या दुकानाचा भाव लहान गावात नेणारा एक माणूस उदयाला आला. वायोमिंगमधल्या केमरर या कोळसा खाणींच्या गावात 14 एप्रिल 1902 ला जेम्स कॅश पेनीने दुकान उघडलं. गावात खाण कंपनीची दुकानं होती आणि खाणकामगारांना तिथे उधारीची सवय होती. पेनीने एकच भाव आणि रोख पैसे, हा नियम ठेवला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण पहिल्या दिवसाचा गल्ला 466 डॉलर 59 सेंट भरला. मग त्याची दुकानं गावोगाव झाली. तालुक्याच्या ठिकाणी ‘पेनीज’ असणं ही गावाच्या प्रतिष्ठेची खूण ठरली.

सेलचा हात एकदा थेट राष्ट्रीय सणापर्यंत पोचला. लिंकनच्या काळापासून, म्हणजे 1863 पासून, थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी होत असे आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होई. 1939 मध्ये शेवटचा गुरुवार 30 तारखेला आला. खरेदीचे दिवस कमी पडणार म्हणून मोठ्या दुकानांनी, विशेषतः कोलंबस शहरातल्या फ्रेड लाझारस या दुकानदाराने, सण आठवडाभर अलीकडे ओढण्याचा आग्रह धरला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो मानला आणि 23 तारीख जाहीर केली. देश दुभंगला. 23 राज्यांनी नवी तारीख धरली, 22 जुनीच पाळत राहिली आणि उरलेल्या तीन राज्यांनी दोन्ही पाळल्या. ब्रुकलिनमधल्या एका छोट्या दुकानदाराने राष्ट्राध्यक्षांना लिहिलं की आम्हाला जुनीच तारीख बरी, कारण दिवस थोडे असले की मोठ्या दुकानांत चेंगराचेंगरी होते आणि तिथून कंटाळलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. पुढे पाहणीत दिसलं की तारीख हलवून देशाच्या एकूण विक्रीत फारसा फरक पडलाच नाही. 1941 च्या डिसेंबरात कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

लहान गावांतल्या सेलला खरा धक्का दिला तो पेनीच्याच एका शिष्याने. सॅम वॉल्टन 1940 मध्ये डे मॉइनमधल्या पेनीच्या दुकानात उमेदवारी करत होता. कमी कागदात आणि कमी दोऱ्यात पुडकं कसं बांधायचं, हे खुद्द पेनीने आपल्याला दाखवल्याचं तो सांगे. 1962 मध्ये त्याने अर्कान्सॉच्या रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट काढलं. ठरावीक दिवशी सूट देण्यापेक्षा रोजच भाव कमी ठेवायचा, हे त्याचं धोरण झालं. रोजच भाव कमी असेल तर जाहीर काय करायचं? वॉलमार्ट वर्तमानपत्रांत फार थोडी जाहिरात करी. ते गावाबाहेर उभं राहिलं की मुख्य रस्त्यावरचं कापडदुकान बंद होई, त्याची जाहिरात जाई, आणि तिच्या जागी काहीच येत नसे.

सेल गेला तर काय होतं, हे पेनीच्या कंपनीने पुढे स्वतःच अनुभवलं. तोवर ती सूट देण्यात इतकी गुरफटली होती की 2011 मध्ये तिने 590 निरनिराळे सेल लावले. 2012 मध्ये अॅपलमधून आलेल्या रॉन जॉन्सन या प्रमुखाने ही फसवाफसवी थांबवायची ठरवली. सगळे सेल आणि कूपनं बंद, सरळ कमी केलेला एकच भाव. स्टुअर्ट आणि बुसिको यांच्या पहिल्या पायरीवर परत जाण्याचाच हा प्रकार. वर्षभरात विक्री 25 टक्क्यांनी कोसळली आणि एप्रिल 2013 मध्ये जॉन्सनला घरी जावं लागलं. भाव तेवढाच असला तरी तो उतरलेला दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाचा हात पुढे होत नाही, हे एव्हाना दीडशे वर्षांच्या सवयीने पक्कं झालं होतं.

आपल्याकडे हे कूळ थोड्या वेगळ्या वाटेने वाढलं. ‘भाव एकच’ ही पाटी आणि घासाघीस एकाच दुकानात सुखाने नांदतात. गांधी जयंतीपासून मिळणारी खादीवरची सूट तर सरकारी रिबेट म्हणूनच लोकांना माहीत झाली. पण वर्तमानपत्राशी असलेलं नातं तेच आहे. तालुक्याच्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक उघडावा. सराफ, कापडवाले, पतपेढ्या आणि फटाक्यांचे स्टॉल यांच्या शुभेच्छांमधून वाट काढत पाणीपुरवठा योजनेच्या रखडपट्टीवरच्या लेखापर्यंत पोचावं लागतं. वर्षभराचं साप्ताहिक बरंचसं त्या एका अंकावर तगतं. मंगल कार्यालयातल्या स्टॉक क्लिअरन्स सेलची पत्रकंही सकाळच्या पेपरात घडी घालूनच घरी येतात, पण त्यांचे पैसे बहुधा पेपर टाकणाऱ्याला मिळतात, छापणाऱ्याला नाहीत.

2005 पासून अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आणि त्यांतली बहुसंख्य साप्ताहिकं होती. त्याला इंटरनेट कारण आहे, तशी दुकानं जाणंही कारण आहे. सेल संपलेला नाही. तो आता मोबाइलवर बाराही महिने चालतो, आणि त्याची जाहिरात गिऱ्हाइकाला गाठते तेव्हा शेजारी पालिकेच्या सभेचा वृत्तांत नसतो. चादर घेणाऱ्याने बातमीसाठी वेगळे पैसे कधी मोजले नव्हते. ते चादरीच्या किमतीत बसलेले होते. आता त्याच पैशातून दुसऱ्याच शहरातल्या कंपनीचा खर्च भागतो. गावाला आपल्या पालिकेत काय ठरलं हे कळायला हवं असेल, तर त्याचे पैसे उघडपणे, बातमीच्याच नावाने मोजावे लागतील. तिथे सूट मिळणार नाही.