व्यसन सुटताना एकाचे दोन का दिसतात?

प्रौढ वयात अचानक एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागल्यास पक्षाघात, मेंदूतील गाठ किंवा मधुमेह यांचा विचार प्रथम केला जातो आणि तो आवश्यकच असतो. मात्र हेरॉईन, म्हणजेच ‘गर्द’सारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन हेही त्यामागील एक कारण असू शकते.

प्रत्येक डोळ्याची हालचाल सहा स्नायू करतात आणि दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा मेंदू जुळवतो. अनेकांच्या डोळ्यांत तिरळेपणाची सुप्त प्रवृत्ती असते. मेंदू ती सावरून धरतो. अफूजन्य पदार्थांमुळे हा तोल ढळतो, असे मानले जाते. सेवन चालू असताना काहींचे डोळे बाहेरच्या बाजूस वळतात. ते बंद होताच नाकाकडे वळू लागतात. हेरॉईन सोडताना प्रौढांमध्ये अचानक उद्भवलेल्या अशा तिरळेपणाची नोंद २००१ मध्ये ब्रिटनमधील ‘आय’ या नेत्रवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

अशा रुग्णाला बहुधा दूरच्या वस्तू दोन दिसतात. जवळचे वाचन त्या मानाने सुकर असते. डोळे सर्व दिशांना पूर्ण फिरतात. स्नायूची नस दुबळी झाल्यास मात्र एका दिशेची हालचाल अडते. हा फरक निदानात महत्त्वाचा ठरतो. तरीही मेंदूचे गंभीर विकार तपासणीने वगळल्याखेरीज व्यसनावर ठपका ठेवू नये.

हा दोष पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा प्रिझमचा चष्मा उपयोगी पडतो. तिरळेपणा टिकून राहिल्यासच शस्त्रक्रियेचा विचार होतो. या काळात वाहन चालवणे टाळावे.

खरा धोका निराळा आहे. दुहेरी दिसण्याने घाबरलेला रुग्ण पुन्हा गर्दकडे वळू शकतो. खंडानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. म्हणून व्यसन वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे आणि नेत्रतज्ज्ञापासून ते लपवू नये. अमली पदार्थविरोधी कायदा (१९८५) स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवन व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देतो. केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क मदतवाहिनीही उपलब्ध आहे.