प्रतीकातले वादळ आणि दोघींचा पहारा

सात रस्त्यावरून कोणतीही वाट धरली तरी समुद्र गाठायला दिवस जातो. सोलापुरात मराठी शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना सागर भेटतो तो त्यामुळे प्रामुख्याने पुस्तकात. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी रचलेल्या कवितेत तो मातृभूमीपासून ताटातूट करणारा आहे. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मध्ये तो आव्हान देण्याजोगा उन्मत्त सत्ताधीश आहे. दोन्ही कवितांचे मोठेपण वादातीत आहे. मात्र दोहोंतही समुद्र प्रतीक आहे, आणि प्रतीकातल्या नौकेवर कोणी झोपत नाही, कोणी भात शिजवीत नाही, कोणी कोणाला मध्यरात्री हाक मारून उठवीत नाही. ही उणीव आम्हाला जाणवली ती अलीकडच्या एका सफरीचा इतिहास वाचताना.

या इतिहासाचा आरंभ मराठी मुलखातच शोधावा लागतो. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते राहिले फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्रापासून दूर, आपल्यासारख्याच कोरड्या प्रदेशात. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फूट लांबीची 'म्हादेई' तयार झाली. मांडवीचेच दुसरे नाव तिला मिळाले. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ही फेरी पूर्ण केली.

पुढे दिवाडीतच 'तारिणी' बांधली गेली. २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा स्त्री अधिकाऱ्यांनी तिच्यातून प्रदक्षिणा केली. त्यानंतर पाळी आली दोघींची. केरळच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट कमांडर रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन ही बंदरे करीत, २५,००० हून अधिक सागरी मैल कापून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या.

वाट दक्षिणेची का, याचे उत्तर भूगोलात आहे. चाळीस ते साठ अक्षांशांच्या त्या पट्ट्यात पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती फिरतात आणि त्यांना अडवायला भूमी जवळजवळ नाहीच. जे वारे शिडाला गती देतात तेच डोंगरासारख्या लाटाही उठवतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेले केप हॉर्न म्हणून तिथल्या उन्हाळ्यात ओलांडावे लागते. ऑक्टोबरात निघण्याचे एक कारण हेच. गोव्याहून निघणाऱ्याला अनुकूल वारा हवा असेल तर आधी दक्षिणेच्या वादळांचे आतिथ्य स्वीकारावे लागते.

अशा नौकेवर वादळाशी सामना गर्जनेने होत नाही. शीड वेळीच आवरून लहान करणे, कमरेचा दोर बोटीला अडकवल्याखेरीज वर न जाणे, फाटलेले शिवणे, बिघडलेले दुरुस्त करणे ही तिथली युद्धनीती. एकीने पहारा द्यायचा, दुसरीने तेवढ्यात झोपून घ्यायचे. वारा फारच चढला तर दोघींनी वर. एकाच छपराखाली आठ महिने राहूनही दोघी निवांतपणे एकत्र जाग्या असण्याचे क्षण थोडे. झोपलेलीचा जीव जागी असलेलीच्या हाती, आणि चार तासांनी नेमके उलट. सहचाऱ्याला उठवायचे केव्हा आणि त्याची झोप राखायची केव्हा, हा विवेक ज्या घरात असतो त्याला आपण संसार म्हणतो. पतिपत्नी नसलेल्या या दोघींनी नौकेवर जे चालविले त्याला दुसरा शब्द आम्हाला तरी सुचत नाही.

येथे आपल्या इतिहासलेखनाची एक सवय आड येते. शिवाजी महाराजांची १६६५ ची मालवणहून दक्षिणेकडे बसरूरवर गेलेली स्वारी आपण सांगतो, तेव्हा नायक ठळक दिसतो. शिडाचे दोर ओढणारे आणि रात्री सुकाणू धरणारे खलाशी निनावी राहतात. आजही 'पहिला' आणि 'एकटा' ही विशेषणे आपल्याला चटकन सापडतात, 'दोघे मिळून' याची कथा मात्र सांगता येत नाही. दोंदे यांनी आपला अनुभव लिहिला तोही मूळ इंग्रजीत. तांडेल, डोलकाठी, सुकाणू हे शब्द आपल्या किनाऱ्यावर वापरात आहेत. पण समुद्रावरच्या दैनंदिन जगण्याचे मराठी गद्य विरळच राहिले.

गर्वगीत आम्ही पुढेही शिकवू, आणि तितक्याच प्रेमाने. मात्र ते शिकविताना यापुढे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारणार आहोत : कोलंबस वादळाला आव्हान देत असताना सुकाणूवर कोण होते, आणि त्याची झोप झाली होती का?